खोकल्याआधी

मुंबईहून फिजिओथेरपीचं शिक्षण पुरं करून, प्रमाणपत्राची गुंडाळी छातीशी धरून मी निपाणीला घरी आले, तेव्हा आप्पांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग तो त्यांनी मला परत न देता माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात ठेवला.

"घे गुणे," म्हणाले, "तुझी कमाई हाय ही."

हाडं पाठ केली मी. स्नायूंची नावं पुटपुटत वसतिगृहाच्या जिन्यात फेऱ्या मारल्या मी. परीक्षेच्या आदल्या दिवशी तापानं फणफणले मी. आणि कमाई गुणाक्काची! ही गोष्ट शहात्तर सालची. पुढं आठ वर्षं मी ती विसरले नाही, आणि कुणी विसरायला सांगितलं असतं तर त्याच्याशी भांडले असते.

खरं तर आप्पांचं काही चुकलं नव्हतं. आई गेली तेव्हा गुणाक्का बारा वर्षांची होती आणि मी सहा. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल. त्यांच्या मागोमाग आक्का तंबाखू चाळायला वखारीत जाऊन बसली आणि मी पाटी घेऊन शाळेत गेले. ती शिकली नाही म्हणून मी शिकले, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि भेटेल तो मला ते सांगायचा. उपकार करणारं माणूस खडूस असलं तर निदान त्याचा राग तरी धरता येतो. आक्का तशीही नव्हती. हसायची, कुणाच्याही दुखण्याखुपण्याला धावायची, आणि तिच्या उंबऱ्यावर कायम दोन-चार बायका टेकलेल्या असायच्या. आक्काचं लग्न निपाणीतच झालं, पोरं झाली, वखार सुटली नाही. पुढं माझं लग्न झालं, मी बेळगावला अनगोळात राहायला गेले, तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, मुलगी झाली. ती मुलगीसुद्धा ताटावर बसली की नाक मुरडायची. म्हणायची, "मावशीसारखं नाही झालं." पोटची पोर, बघा!

तर मला एक गोष्ट हवी होती. एकच. जी माझी असेल, निव्वळ माझी, जिच्यात गुणाक्काचं बोटसुद्धा बुडालेलं नसेल.

चौऱ्याऐंशी साली ती मिळेल असं वाटलं.

हॉस्पिटलात मी एकटीच फिजिओथेरपिस्ट. कंबर-गुडघे शेकायला येणारी माणसं मला 'शेकाची बाई' म्हणत. एक दिवस बायकांच्या विभागातल्या डॉक्टर हुक्केरीबाईंनी मला बोलावून घेतलं. बायकांच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी ती झोळी सैल पडते, मग खोकलं की लघवी सुटते, आणि पुढं पुढं अंगच बाहेर येतं. हुक्केरीबाईंकडं अशा बायका अगदी शेवटाला, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसताना यायच्या. त्यात निपाणीच्या वखारीतल्या बायका फार.

"त्या दिवसभर धुळीत बसून खोकतात," हुक्केरीबाई म्हणाल्या. "त्यांच्यात हे दुखणं किती आहे ते बघ. व्यायामानं सुधारतं का ते बघ. तू तिकडचीच आहेस. पुढच्या वर्षी बंगलोरच्या परिषदेत निबंध वाच. नाव तुझं एकटीचं."

मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. तो त्रास मलाच होता. मुलगी झाल्यापासून. शिंक येणार असं वाटलं की मी मांड्या आवळून भिंतीला टेकायची. पिशवीत कायम घडी केलेलं फडकं. पुस्तकातला व्यायाम रोज सकाळी पलंगावर उताणी पडून करत होते, सहा वर्षं झाली, फरक शून्य. आपण मन लावून करत नाही, असं स्वतःला सांगायची आणि दुसऱ्यांना तोच व्यायाम शिकवायची.

पहिल्या रविवारी मी छापील प्रश्नावली घेऊन निपाणीला गेले. वखारीच्या मागच्या पडवीत चाळीस बायका जमल्या. मी एकेकीला विचारलं, "खोकताना लघवीवरचा ताबा सुटतो का?" चाळीस जणींनी सांगितलं, "न्हाय बाई." त्यातली एक तर मांडीवर मांडी घट्ट दाबून खोकत खोकत म्हणाली, "न्हाय."

मी कपाळाला हात लावून बसले होते तेवढ्यात गुणाक्का डोक्यावरचा पदर झाडत आली. माझा उतरलेला चेहरा बघितला, कागदाकडं बघितलं, आणि बायकांमध्ये फतकल मारून बसत म्हणाली, "काय गं, दुपारपातूर किती फडकी बदलतीसा? माझी दोन हुत्यात."

"माझी तीन," एक म्हणाली.

"मी तर पाणीच पीत न्हाय सकाळपास्नं," दुसरी म्हणाली.

मग जी बोलायला लागली ती थांबेना. मी लिहून लिहून दमले. छत्तीस जणी! माझं काम झालं होतं, मी खूश व्हायला हवं होतं. मी मात्र लिहिता लिहिता मनात म्हणत होते, हिला कुणी बोलावलं होतं? आणि तिची दोन फडकी असतात हे ती मला, सख्ख्या बहिणीला, कधी बोलली नव्हती, याचाही राग आला. माझ्या पिशवीतलं फडकं मी तिला कधी दाखवलं नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं नाही.

अशा अभ्यासात दोन गट करावे लागतात. एका गटाला खरा व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नुसते हातपाय हलवायला सांगायचे. मग बारा आठवड्यांनी फरक पडला तर तो व्यायामानंच पडला, हे कळतं. अठरा बायका 'अ' गटात, अठरा 'ब' गटात. दोन्ही गटांचे वर्ग रविवारी एकाच वेळी घ्यायचे, म्हणजे इकडचं तिकडं कळायला नको. 'अ' गट माझा. 'ब' गटाला कुणी तरी हवं होतं.

"आक्का, तू घेशील? फक्त हात वर, हात खाली. पाय लांब, पाय जवळ. बाकी एक शब्द सांगायचा न्हाय."

"बरं," आक्का म्हणाली.

आता कबूल करते. ते काम तिच्याकडं सोपवताना मला आतून गुदगुल्या झाल्या. तिच्या गटात काही घडणारच नव्हतं, ते ठरलेलंच होतं. माझ्या गटात घडणार होतं. आयुष्यात एकदा तरी तिच्या हाताला यश नाही आणि माझ्या हाताला आहे, हे कागदावर आकड्यांनी लिहिलेलं मला बघायचं होतं.

मोजायची रीत अशी. कोरडं फडकं तोलायचं, बाईनं ते घ्यायचं, दोन तांबे पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं, मग शाळेच्या पायऱ्या चढउतार करायच्या, दहा वेळा खोकायचं, आणि फडकं पुन्हा तोलायचं. त्यासाठी बारीक तराजू लागतो. तो निपाणीच्याच मारुतीराव सोनारांनी दिला. त्यांची कंबर मी शेकून बरी केली होती. "काय तोलणार म्हणायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "औषध." त्यांनी तराजूला हळदकुंकू लावून दिला.

माझा वर्ग शाळेच्या खोलीत भरायचा. खाली चटया. पुस्तकात लिहिलं होतं, कमरेला घट्ट कपडा नको, रुग्णाला उताणं झोपवून गुडघे दुमडायला सांगा. या सगळ्या नऊवारी नेसणाऱ्या, पायांमधून मागं घट्ट कासोटा खोचलेल्या. म्हणून माझा पहिला हुकूम असायचा, "कासोटे सोडा." मग अठरा जणी छताकडं बघत पडायच्या आणि मी पांढरा कोट घालून मधून फिरायची. "लघवी मध्येच अडवल्यासारखं आवळा! धरा! आणखी! सोडू नका!" त्यांचे चेहरे लाल व्हायचे, मानेच्या शिरा तटतटायच्या, श्वास कोंडायचे. किती मनापासून करताहेत, असं मला वाटायचं. माझाही चेहरा रोज सकाळी तसाच व्हायचा. खरं तर आत हात घालून तपासायला हवं होतं, पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं होतं, पण त्या लाजत होत्या, आणि मीही.

आक्काचा वर्ग दोन गल्ल्या सोडून विहाराच्या पडवीत. तिथून हसण्याचे आवाज यायचे. हात वर-खाली करण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे मला कळायचं नाही आणि फार झोंबायचं.

बारा आठवडे झाले. मी फडकी तोलली. 'अ' गटात सुरुवातीला सरासरी नऊ ग्रॅम होतं, ते साडेनऊ झालं होतं. 'ब' गटात नऊचं तीन.

मी तराजूचा काटा तपासला. मारुतीरावांकडं जाऊन त्यांच्या वजनांशी ताडून बघितला. काटा बरोबर होता. मग भर दुपारी मी आक्काच्या घरी गेले. ती उंबऱ्यात मिरच्यांची देठं काढत होती.

"काय शिकवलंस तू त्यांना?"

"काय न्हाय बाई. हात वर, हात खाली."

"आक्का!"

तिनं मिरची खाली ठेवली. "आगं, त्या रडाया लागल्या. म्हणल्या, तिकडं औषधाचा व्यायाम हाय आणि आमास्नी नुस्ते हात हलवायला लावत्यात. निम्म्या बायकांस्नी वाऱ्यावर सोडायचं व्हय? मग मी आपलं मला जे येतंय ते सांगितलं."

"तुला काय येतंय?"

"तिसऱ्या पोरापास्नं मला बी हाय की हे. चाळण हलली की धूळ उडती, धूळ उडली की खोकला येतोय, ते आधी कळतंयच न्हवं? तर खोकल्याच्या आधी अंग वर घ्यायचं. ताठ बसायचं, कासोटा घट्ट मारायचा. खालनं कापड लागतंय बघ अंगाला? त्या कापडाला अंग लागू द्यायचं न्हाय. कापड दाबलं गेलं तर चुकलं. कापड सुटलं तर बरोबर. मग खुशाल खोकायचं. आधी माझी पाच फडकी व्हायची, आता दोन."

आज मला माहीत आहे, की त्या चार वाक्यांत माझ्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण होतं, आणि पुस्तकात नसलेलंही थोडं होतं. त्या दुपारी मी काही ऐकत नव्हते. मी ओरडत होते. "माझा अभ्यास नासवलास तू! एक गोष्ट माझी होती, एक! तीसुद्धा तुला बघवली नाही!"

आक्काचं तोंड उतरलं. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. मग मिरची परत उचलत, "पर बायका बऱ्या झाल्या न्हवं?"

मी उठले. बेळगावची गाडी धरली. संकेश्वर गेलं, काकती आली, आणि माझ्या मांडीवर त्या दोन वह्या. एकीवर 'अ' ची चिठ्ठी, एकीवर 'ब' ची. नावं आत होती, ती कोण तपासणार? सोमवारी सकाळी चहाच्या आधणाची वाफ देऊन मी दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि खळ लावून उलट्या चिकटवल्या. 'अ' गट, खरा व्यायाम: नऊचं तीन. 'ब' गट, नुसते हातपाय: फरक नाही. लाज वाटली का? नाही. मला वाटलं, तिनं माझं घेतलं, मी तिचं घेतलं, फिटंफाट.

हुक्केरीबाई खुर्चीतून उठल्याच. "शाबास गं! असा निकाल मी वाचला नाही कुठं." त्यांनी उत्साहानं हॉस्पिटलच्या खर्चानं माझ्या व्यायामाची पत्रकं छापायला टाकली, ती पंधरा दिवसांत छापून आली. दोन हजार. उताणी झोपलेली बाई, दुमडलेले गुडघे, खाली 'आवळा, धरा', आणि तळाला माझं नाव. त्या शनिवारी नर्सबाई येऊन ती काकती, जांबोटी आणि आसपासच्या गावांना वाटायला नेणार होत्या. पत्रकांचे गठ्ठे माझ्या खोलीच्या कपाटात होते. मी दिवसातून दोनदा कपाट उघडून स्वतःचं नाव बघायची.

बुधवारी नागुबाई आली. माझ्या गटातली, निपाणीची, सगळ्यांत मेहनती. "बाई, अंग खाली आल्यागत वाटतंय," म्हणाली. "तुमचा व्यायाम मी दिसातनं चार वेळा करतो, तरी बी."

हुक्केरीबाईंनी तिला टेबलावर घेतलं. मी डोक्याशी उभी राहिले. त्यांनी हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाल्या, "कर बघू तो व्यायाम." नागुबाईनं श्वास कोंडला, तोंड लाल केलं, मानेच्या शिरा फुगवल्या.

"अय्यो, थांब, थांब!" हुक्केरीबाई ओरडल्या. "ही वर घेतच नाही. खाली ढकलतेय! बाळंत होतेय जणू! कुणी शिकवलं तुला हे?"

नागुबाईनं माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. मग छताकडं बघत म्हणाली, "कुणी न्हाय बाई. माझं मीच करतो."

तेव्हा मला कळलं. उताणी बाई, दुमडलेले गुडघे, सोडलेला कासोटा आणि डोक्याशी उभी राहून 'आणखी! आणखी!' ओरडणारी दुसरी बाई. या बायकांच्या शरीराला त्या स्थितीत एकच काम माहीत होतं, आणि ते त्यांनी मुकाट्यानं केलं होतं. बारा आठवडे मी अठरा जणींच्या सैल झोळ्या आणखी सैल केल्या होत्या. आणि आता दोन हजार पत्रकं.

बाहेर बाकावर नागुबाई चपला घालत होती. "खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"तुमचं नाव कसं घेऊ?" ती म्हणाली. "गुणाक्काची भन तुमी. तिला काय वाटलं असतं?"

मला वाचवलं तेही आक्काच्या नावानं! माझ्या चुकीवरसुद्धा पांघरूण तिचंच. मी खोलीत जाऊन कडी लावली, शेकाच्या टेबलावर उताणी पडले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा हात लावून बघत माझा रोजचा व्यायाम केला. मीही ढकलतच होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून निपाणीला गेले. आक्का वखारीतून नुकतीच आली होती, केसांवर तंबाखूची धूळ. "मधल्याच वारी कशी गं?" तिनं विचारलं.

"मला शिकव."

"कुणासाठी?"

"अभ्यासासाठी."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग ट्रंकेतून तिचं हिरवं इरकली लुगडं काढलं, दार लोटलं, आणि लहानपणी परकर नेसवायची तसं मला नेसवायला लागली. मी उभ्या जन्मात नऊवारी नेसले नव्हते. तिनं मागून कासोटा असा काही ओढून खोचला की मी टाचांवर आले. "बस आता. मांडी घाल. ताठ. कापड कुठं लागतंय ते कळतंय?"

"व्हय."

"आता त्याला लागू नगंस."

मी जोर केला.

"हां, दाबलंस. चुकलं. श्वास कोंडू नगंस. परत."

पुन्हा चुकलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा चुकलं. प्रमाणपत्रवाली मी, आणि तिच्यासमोर चौथी नापास झाल्यासारखी घामाघूम. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, असतं तर मला बरं वाटलं असतं.

"डोळं मीट," ती म्हणाली. "तू चाळणीपाशी बसलीयास. मी चाळण हलवली. धूळ उडली. आता येतोय बघ खोकला. त्याच्या आधी!"

आणि ते झालं. इवलंसं. आत काही तरी अलगद वर गेलं आणि कापड सुटलं.

"हां!" आक्कानं मांडीवर थाप मारली. "आता खोक." मी खोकले. कोरडी!

मला रडू फुटलं. ते कृतज्ञतेचं होतं असं लिहिलं तर खोटं होईल. मला तिचा इतका हेवा वाटला की तो डोळ्यांतून आला. माझी पुस्तकं, माझी मुंबई, माझा कोट, आणि जे मला सहा वर्षांत जमलं नाही ते हिला तंबाखूच्या ढिगाशी बसून एकटीला सापडलं होतं.

"लेक झाल्यापास्नं हाय न्हवं तुला?" ती लुगड्याच्या निऱ्या सारखी करत म्हणाली. "तुझ्या दोरीवरची फडकी बघितलती मी. आपणहून सांगशील म्हणून थांबलतो."

मग मी तिला चिठ्ठ्यांचं सांगितलं. तिला गट, निबंध, परिषद यातलं फारसं कळलं नाही. "म्हंजे माझ्या बायका तुझ्या नावावर लावल्यास?"

"व्हय."

"मग परत बदल की," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

शुक्रवारी मी हुक्केरीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला जे सुनावलं ते निम्मं कानडीत होतं आणि सगळं रास्त होतं. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पत्रकं मी घरी नेऊन बंबात घातली. दोन दिवस आमच्या घरी अंघोळीचं पाणी माझ्या नावावर तापलं. पुढच्या रविवारपासून माझ्या अठरा जणींना मी विहाराच्या पडवीत आक्कासमोर नेऊन बसवलं, सगळ्यांत पुढं नागुबाईला. त्यांच्या शेजारी मीही, नऊवारी नेसून. तीन महिन्यांत नागुबाई म्हणाली, "आता अंग जागच्या जागी वाटतंय." ते तिनं आक्काला सांगितलं, मला नाही.

निबंध मी पुन्हा लिहिला. कुणी काय शिकवलं, कुणाचा गट बिघडला, कुणाचा सुधारला, सगळं जसं झालं तसं. नावाच्या जागी पेन अडलं. दोन नावं लिहायची हे ठरलं होतं, पण आधी कुणाचं? पहिलं नाव म्हणजे काम त्याचं, हे आमच्या पेशात सगळ्यांना ठाऊक असतं. तीन कागद फाडले. चौथ्यावर आक्काचं पूर्ण नाव लिहिलं, गुणाबाई सत्याप्पा, आणि खाली माझं.

बंगलोरला सभागृहात मी निबंध वाचला. वाचून झाल्यावर एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, पहिल्या लेखिका कोणत्या संस्थेत असतात? मी म्हटलं, "निपाणीत. तंबाखूच्या वखारीत." टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये माझा घसा खवखवला. मी आधी अंग वर घेतलं आणि मग माइकसमोर खोकले. चारचौघांत खोकून कोरडी राहिले. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? आणि लगेच वाटलं, हेही तिचंच.

परिषदेचं प्रशस्तिपत्र घेऊन मी निपाणीला आले. आप्पा आता थकले होते, जोत्यावर बसून होते. आक्का दळण निवडत होती. आप्पांनी तो कागद दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून बघितला, आणि या वेळी आक्काकडं न देता माझ्या हातात दिला.

"घे मालू," म्हणाले, "लई राबलीस. तुझी कमाई हाय ही."

आठ-नऊ वर्षं मी त्या वाक्याची वाट बघितली होती. आक्का तोंडभर हसत होती. त्या दोघांनाही वाचता येत नव्हतं. मी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर निपाणीत कुणाला कधी कळलं नसतं. मी तो कागद पिशवीत घालायला लागले. अर्धा आत घातलाही, तेही सांगते.

"आप्पा," मी तो परत बाहेर काढत म्हणाले, "वरचं नाव आक्काचं हाय."

"खुळी का काय!" आक्का म्हणाली. "माझं नाव कशाला लिहितील?" पण सूप बाजूला ठेवून ती जवळ आली. "कुठं हाय?"

तंबाखूनं पिवळं पडलेलं तिचं बोट मी धरलं आणि पहिल्या नावावर ठेवलं. तिनं ते त्या अक्षरांवरून हळूहळू फिरवलं, इकडून तिकडं, आणि पुन्हा एकदा.

"घे," मी म्हणाले. "तुझी कमाई हाय."

माझं नाव त्याच्या खाली होतं. बोट धरून तेही मी तिला दाखवलं.